दार, रांग आणि पोच

मराठीत माणसांच्या गर्दीला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. देवळाकडे भाविकांची रीघ लागते, स्वस्त माल आला की दुकानात झुंबड उडते आणि रेशनच्या दुकानापुढे रांग लागते. रिघेत चालणे आहे, झुंबडीत घुसणे आहे, रांगेत थांबणे आहे. या तिन्हींत रांग हा सर्वांत सुसंस्कृत शब्द म्हणावा लागेल. कारण आपल्या आधी आलेल्याचा हक्क मान्य केल्याशिवाय रांग होतच नाही. मात्र रांगेविषयी आपण जे बोलतो ते तिच्या लांबीविषयी किंवा तिच्यातल्या घुसखोरीविषयी बोलतो. रांगेपर्यंत नेणारे दार किती रुंद असावे, एका वेळी किती जणांना आत घ्यावे आणि बाहेर थांबणाऱ्याला काय सांगावे, हे प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाहीत. मला ते माझ्या पुतण्यामुळे पडले. त्याचा चरितार्थच या प्रश्नांवर चालतो.

आमचे घर दिवेआगरचे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातले हे गाव पर्यटकांना समुद्रकिनाऱ्यासाठी आणि सुवर्णगणेशासाठी ठाऊक असते. मराठीच्या अभ्यासकांना ते शके ९८२ च्या ताम्रपटामुळे ठाऊक असते. पुतण्या पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याचे काम काय, असे गावात कुणी विचारले तर तो ‘निरोप्याचे काम’ असे सांगतो आणि ऐकणारा हसतो. पण हे वर्णन अगदी नेमके आहे. बँका, विमा कंपन्या, विमानसेवा यांच्याकडे शेकडो संगणक-प्रणाली असतात आणि त्यांना सतत एकमेकींना काहीतरी कळवायचे असते. अमुक खात्यातून पैसे गेले, अमुक तिकीट रद्द झाले, अमुकचा पगार जमा झाला. प्रत्येक प्रणालीने दुसरीशी थेट बोलायचे ठरवले तर दोघी एकाच वेळी जाग्या असाव्या लागतात. म्हणून मध्ये एक निरोपांची रांग ठेवतात. तिला ‘मेसेज क्यू’ म्हणतात. पाठवणाऱ्याने निरोप तिथे ठेवायचा आणि आपल्या कामाला लागायचे. घेणाऱ्याने सवडीने उचलायचा. घेणाऱ्याची पोच येईपर्यंत रांगेचा कारभारी तो निरोप पुसत नाही. आयबीएमने १९९३ साली या कामासाठी बाजारात आणलेली प्रणाली नाव बदलून आजही चालू आहे आणि जगातल्या अनेक मोठ्या बँका तिच्यावर विसंबून असतात.

निरोप पोचवण्याची दुसरीही एक रीत आहे आणि तिच्या इतिहासात मुंबईत जन्मलेल्या एका माणसाचे नाव येते. विवेक रणदिवे मुंबईहून अमेरिकेत एमआयटीत शिकायला गेले आणि १९८० च्या दशकात त्यांनी ‘इन्फर्मेशन बस’ ही कल्पना वॉल स्ट्रीटवरच्या कंपन्यांपर्यंत नेली. शेअरचा भाव बदलला की तो एकदा उच्चारायचा. ज्याला हवा त्याने ऐकावा. त्यांची पहिली कंपनी १९९४ साली रॉयटर्सने विकत घेतली आणि १९९७ साली त्यांनी टिब्को स्थापन केली. टिब्को हे नावच मुळी ‘द इन्फर्मेशन बस कंपनी’ याचे आद्याक्षरी रूप आहे. या रीतीला आपल्याकडे जुना आणि चोख शब्द आहे : दवंडी. दवंडी पिटणारा ऐकणाऱ्यांची यादी ठेवत नाही. किती जणांनी ऐकले, कुणी कान बंद केले, याचा हिशेब त्याच्याकडे नसतो. म्हणून दवंडीला श्रोत्यांच्या संख्येची मर्यादाही पडत नाही. ज्या क्षणी आपण म्हणतो की निरोप पोचलाच पाहिजे आणि त्याची पोच मिळालीच पाहिजे, त्या क्षणी कारभाऱ्याला प्रत्येकाशी वेगळे नाते राखावे लागते. नाते म्हटले की जागा, वेळ आणि लक्ष खर्च होते. मर्यादेचा जन्म इथे होतो. ज्याला जबाबदारी नको त्याला मर्यादाही नको, असेही हे उलटून सांगता येईल.

या नात्याला तांत्रिक भाषेत ‘कनेक्शन’ म्हणतात. आपण जोडणी म्हणू. एखादी प्रणाली कारभाऱ्याशी जोडली गेली की तिच्यासाठी थोडी स्मृती अडकते, तिचे म्हणणे ऐकायला एक कान गुंततो आणि यंत्राच्या मुळाशी असलेल्या उघड्या खिडक्यांपैकी एक खर्ची पडते. लिनक्सवर एका कार्यक्रमाला एका वेळी अशा किती खिडक्या उघडता येतील याचा सर्वसाधारण ठरीव आकडा १०२४ असा असतो. तो वाढवता येतो. व्हॉट्सॲपने २०१२ साली एका यंत्रावर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळून दाखवल्या होत्या. पण वाढवता येणे म्हणजे अमर्याद असणे नव्हे. जोडणी बोलत नसली तरी जागा अडवून असते. पुतण्या म्हणतो, ‘काका, आमच्याकडे बडबड करणारे क्लायंट त्रास देत नाहीत. येऊन गप्प बसून राहणारे देतात.’ अशा गप्प बसलेल्यांना ठरावीक अंतराने हाक मारण्याची सोय असते. आयबीएमच्या प्रणालीत ही हाक सहसा तीनशे सेकंदांनी जाते. उत्तर आले नाही तर समोरचा गेला असे समजून जागा मोकळी करतात.

नकार देण्याचीही तिथे एक शिस्त आहे आणि भाषेच्या माणसाला ती विचार करायला लावणारी आहे. त्या प्रणालीत प्रत्येक नकाराला क्रमांक आहे. २०३३ याचा अर्थ, रांगेत तुमच्यासाठी निरोप नाही. २०५३ याचा अर्थ, रांग भरली आहे, नवा निरोप ठेवायला जागा नाही. २०२५ याचा अर्थ, जोडण्यांची कमाल संख्या गाठली गेली आहे. आपण व्यवहारात या तिन्हींना ‘काम झाले नाही’ एवढेच म्हणतो. पण पत्र आलेच नाही, पेटी भरली आहे आणि पोस्टाचे दारच बंद आहे, या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीवर माणसाने करायची गोष्ट वेगळी आहे. पहिलीत वाट पाहायची, दुसरीत पेटी कुणी उपसत का नाही हे शोधायचे, तिसरीत थोड्या वेळाने परत यायचे. कारण न सांगता दिलेला नकार माणसाला दारावर धडका मारायला लावतो.

एकदा एका मोठ्या ग्राहक-कंपनीत पगाराचे निरोप अडकले होते. पुतण्याला रात्री उठवले गेले. सगळे जण रांगेकडे बोट दाखवत होते, पण रांग जवळजवळ रिकामी होती. भरले होते ते दार. एका फारशा महत्त्वाच्या नसलेल्या कार्यक्रमात चूक अशी होती की तो दर निरोपाला नवी जोडणी उघडत होता आणि जुनी बंद करत नव्हता. एकट्यानेच त्याने सगळ्या जागा अडवल्या होत्या आणि पगाराचा कार्यक्रम बाहेर ताटकळत उभा होता. त्या प्रणालीत, तो सांगतो, संपूर्ण कारभाऱ्यासाठी ठरीव मर्यादा शंभर चॅनेलांची असते. मात्र एका दारातून किती जणांनी यावे आणि एकाच ग्राहकाने किती जोडण्या घ्याव्यात, यांचे वेगळे आकडे असतात; आणि कुणी हात लावला नाही तर ते दोन्ही ९९,९९,९९,९९९ असे असतात. घराची जागा शंभर जणांची आणि प्रत्येक पाहुण्याला मुभा नव्व्याण्णव कोटींची! ही मुभा उदार वाटते. प्रत्यक्षात ती पहिल्या बेशिस्ताला दिलेले आमंत्रण असते. वरिष्ठांनी सुचवले की शंभराचे हजार करा. पुतण्याने ते केले नाही. त्याने दर ग्राहकामागे मर्यादा घातली, बिघडलेला कार्यक्रम आपल्या वाट्याच्या जागांतच अडकून पडला आणि पगार गेले. हजार केले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘तेच झाले असते. फक्त थोड्या उशिरा.’

हे ऐकताना मला आमची वाडी आठवत होती. दिवेआगरात वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग. आमच्या लहानपणी विहिरीवर पंप आला होता, तरी पाट जुनेच होते. विहिरीचे पाणी मोठ्या पाटात पडायचे, तिथून लहान पाटांत आणि शेवटी प्रत्येक पोफळीच्या आळ्यात. शिंपणाच्या वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, एका वेळी एक किंवा दोनच लहान पाट उघडत. बाकीच्यांच्या तोंडाशी माती आणि पोफळीची विरी दाबून बांध घातलेला असे. मुलांना वाटे, सगळे पाट एकदम उघडले तर काम लवकर संपेल. तसे केले तर पाणी सगळीकडे जाते आणि कुठेच पोचत नाही. वाटेतल्या वाळूतच ते जिरते. शेवटच्या ओळीतली पोफळ मग कोरडी राहते, आणि तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही; कारण पाट तर उघडे दिसत असतात. बंद ठेवलेला पाट म्हणजे नाकारलेला पाट नव्हे. त्याची पाळी यायची असते. पाळी हा शब्द मला रांगेपेक्षाही जवळचा वाटतो. कारण रांगेत क्रम असतो आणि पाळीत क्रमाबरोबर वाटाही असतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशे दहा किलोमीटर होता आणि झोत एकशे वीसपर्यंत जात होते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या तालुक्यांची त्याने जी दशा केली ती पुढे छायाचित्रांतून सर्वांनी पाहिली. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. टाळेबंदीचे दिवस होते. पुतण्या घरून काम करायचे म्हणून मार्चपासून दिवेआगरलाच होता. आई आणि अण्णा अर्थातच तिथे. मी नोकरीच्या गावी. सकाळी अकरा वाजता अण्णांशी शेवटचे बोलणे झाले होते. दारे लावून बसलो आहोत, असे ते म्हणाले. त्यानंतर फोन लागला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. दर दहा मिनिटांनी मी तो क्रमांक फिरवत होतो आणि तोच यांत्रिक आवाज दोन भाषांत तेच वाक्य ऐकवत होता. ते वाक्य माणूस आहे की नाही याविषयी काहीच सांगत नसे. माणूस संपर्काच्या बाहेर आहे, एवढेच सांगत असे. त्या तीन दिवसांत या दोन गोष्टींमधले अंतर किती आहे ते मला कळले.

चौथ्या दिवशी दुपारी पुतण्याच्या क्रमांकावरून एक एसएमएस आला. ‘घर उभे. वाडी गेली. आम्ही दोघे बरे. रस्ता नाही, येऊ नको.’

या निरोपामागची हकिगत मला नंतर कळली. पुतण्याच्या फोनमध्ये थोडीच बॅटरी उरली होती आणि गावात वीज नव्हती. पडलेली झाडे तोडून मोटारसायकलपुरती वाट झाल्यावर त्याने माणगावच्या दिशेने, फोनला रेंज सापडेल तिथवर जायचे ठरवले. ही बातमी पाखाडीत पसरली आणि माणसे ओटीवर जमली. प्रत्येकाचा कुणीतरी मुंबईत, पुण्यात, आखातात होता आणि प्रत्येक जण तिकडे जिवाला घोर लावून बसला असणार होता. फोन एक, बॅटरी थोडी, घरे बावीस. पुतण्याने शाळेची एक वही घेतली आणि नियम केला : एका घराचा एक निरोप, एक क्रमांक, एक ओळ. फोनवर बोलायचे नाही, एसएमएस करायचा. एका घरचे तीन मुलगे तीन गावी होते आणि त्यांनी तीन निरोप मागितले. त्यांना सांगण्यात आले की आज एकाला कळवतो, तो बाकीच्या दोघांना कळवील. थोडे वाईट वाटले असणार, पण त्यांनी ते मानले. शिवाय बॅटरीचा शेवटचा थोडा भाग कुणासाठीच वापरायचा नाही, असेही ठरले. परत येताना कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तो लागणार होता.

नंतर मला दिसले की कामावर जे तो करतो तेच त्याने ओटीवर केले होते. बावीस घरांनी मिळून एक जोडणी वापरली. मोठ्या प्रणालींतही अनेक संवाद एकाच जोडणीवरून नेण्याची सोय असते, आयबीएमच्या प्रणालीत ठरीव आकडा दहा संवादांचा आहे. दर घरामागे मर्यादा होती. आणि कारभाऱ्यासाठी राखलेली जागा होती. पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये शंभर जोडण्यांची ठरीव मर्यादा असते आणि त्यांतल्या तीन व्यवस्थापकासाठी बाजूला ठेवलेल्या असतात, म्हणजे सगळे दार अडले तरी दुरुस्तीला येणाऱ्याला आत शिरता येते. कोकणातल्या घरांना परसदार असते, त्याचाही एक उपयोग हाच आहे.

फोन न करता एसएमएस करण्यामागेही विचार होता. बोलण्यासाठी दोन्ही टोके एकाच वेळी मोकळी असावी लागतात आणि बोलणे चालू असेपर्यंत मार्ग अडून राहतो. एसएमएस आधी एका केंद्रात जाऊन थांबतो आणि ज्याला पाठवला त्याचा फोन सापडला की पुढे जातो. तो मुळात रांगेतला निरोप आहे. त्याची मर्यादा वेगळी. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. देवनागरीत ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सारे स्वतंत्र मोजले जाते. अण्णांचा निरोप जागा आणि विरामचिन्हे धरून पंचावन्नात बसतो. अण्णांनी तो सांगितला आणि पुतण्याने जसाच्या तसा लिहून घेतला. मी व्यवसायाने मजकूर वाचणारा माणूस असल्यामुळे तो निरोप मी पुष्कळदा वाचला आहे. चार वाक्ये. आधी घर, मग वाडी, मग माणसे. ज्याला निरोप मिळणार आहे त्याला सर्वांत आधी काय हवे आहे हे ठाऊक असूनही अण्णा क्रमाने गेले. कदाचित त्यांच्या डोळ्यांपुढे गोष्टी त्याच क्रमाने आल्या असतील. ‘वाडी गेली’ या दोन शब्दांत पन्नास वर्षांचे शिंपण आहे आणि त्यांना विशेषण नाही. सत्तर अक्षरांच्या मर्यादेने त्यांना संयम शिकवला असे मी म्हणणार नाही. तो त्यांच्याकडे होताच. पण मोकळी जागा मिळाली असती तर त्यांनी ‘काळजी करू नको’ असे लिहवले असते आणि मला काळजी वाटली असती.

काही दिवसांनी मनोरा जनित्रावर सुरू झाला आणि एक वेगळाच प्रकार झाला. रेंजची रेघ दिसताच गावातले सगळे फोन एकदम जागे झाले, साठलेले निरोप येऊ लागले, प्रत्येक जण फोन लावू लागला आणि कुणाचाच लागेना. मनोरा चालू होता, जोडणी मिळत नव्हती. पुतण्याच्या धंद्यात ही आपत्ती रोजच्या ओळखीची आहे. रांगेचा कारभारी काही कारणाने बंद पडून पुन्हा उभा राहिला की तुटलेले सगळे ग्राहक त्याच क्षणी दारावर येतात आणि नुकत्याच उठलेल्याला पुन्हा आडवा करतात. महाराष्ट्राने याचा मोठा नमुना १६ जुलै २०२१ रोजी पाहिला. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता जाहीर झाला, पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची घरे एकाच वेळी त्याच संकेतस्थळांकडे वळली आणि ती कित्येक तास उघडेनात. पान उघडले नाही की माणूस पुन्हा कळ दाबतो, आणि प्रत्येक दाबण्याने दारावरची झुंबड वाढते. निकाल तयार होता, रांगही नव्हती, होती ती नुसती झुंबड.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो ग्राहकाच्या बाजूने करायचा आहे. नकार मिळाला तर एक सेकंद थांबावे. पुन्हा मिळाला तर दोन, मग चार, मग आठ. शिवाय प्रत्येकाने त्यात आपल्यापुरता थोडा अनियमितपणा मिसळावा, म्हणजे सगळे पुन्हा एकाच ठोक्याला येणार नाहीत. नकार मिळेल तसतसे दुप्पट थांबण्याची ही रीत १९७० च्या दशकात इथरनेटच्या रचनेत रूढ झाली. किती जणांना परत पाठवावे लागेल आणि किती जणांना थांबवावे लागेल, याचे गणित त्याहूनही जुने. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती ए. के. एर्लांग यांनी त्यावरचा पहिला निबंध १९०९ साली लिहिला आणि १९१७ साली त्याची प्रसिद्ध सूत्रे दिली. मार्ग भरलेले असताना आलेला फोन सरळ नाकारायचा की रांगेत ठेवायचा, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे मोजले. पुढे त्यांच्या नावाने एक संगणकीय भाषा तयार झाली. निरोपांची रांग सांभाळणारी रॅबिटएमक्यू आणि व्हॉट्सॲपचे सर्व्हर हे दोन्ही त्याच भाषेत लिहिलेले आहेत. ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीचा आणि निळ्या खुणांची वाट पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांचा पूर्वज हा असा एकच आहे.

या सगळ्याचा वर्गाशी संबंध त्याच वर्षी आला. शिकवणे ऑनलाइन झाले. आम्ही वापरत होतो त्या ॲपवर एका वेळी शंभर जणांनाच येता येत असे आणि माझ्या वर्गात एकशे अठ्ठावीस विद्यार्थी होते. पहिल्या आठवड्यात मी नोंद ठेवली. जे अठ्ठावीस बाहेर राहत ते रोज वेगळे नसत. बहुतेक तेच असत. ते आळशी नव्हते. त्यांची गावे वादळाच्या पट्ट्यातली होती, फोन जुने होते, आणि शहरातला विद्यार्थी तीन सेकंदांत जोडला जाई तिथे त्यांना दोन मिनिटे लागत. दार सर्वांना उघडे होते. आधी येईल त्याला जागा, हा नियमही सर्वांना सारखाच होता. आणि तरी तो नियम दर दिवशी त्याच मुलांना बाहेर ठेवत होता. मी वर्गाचे दोन भाग केले, किनाऱ्याकडच्या मुलांना त्यांच्या भागात जागा राखून ठेवल्या, आणि प्रत्येक व्याख्यान वीस मिनिटांच्या ध्वनिफितीच्या रूपाने व्हॉट्सॲपवर ठेवले. ज्याचा फोन बंद असेल त्याच्यासाठी निरोप तिथे तीस दिवसांपर्यंत थांबतो. काही सहकाऱ्यांना हा पक्षपात वाटला. विद्यार्थ्यांत भेद करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ते मी समजू शकतो. पण भेद आधीच झालेला होता. आपण नियम केला नाही म्हणजे नियम नसतो असे नव्हे. मग वेग हाच नियम होतो.

साहित्याच्या क्षेत्रात आपण मर्यादा या शब्दाकडे संशयाने पाहतो आणि त्याला ऐतिहासिक कारणे आहेत. कुणी लिहावे, कुणी वाचावे, कुणाला देवळाच्या आत घ्यावे, यावरच्या मर्यादा आपल्या समाजात कुणी आणि कुणाविरुद्ध घातल्या हे विसरता येत नाही. म्हणून प्रश्न मर्यादा असावी की नसावी असा मांडून भागत नाही. दोन प्रकारच्या मर्यादा ओळखता आल्या पाहिजेत. एक, माणूस कोण आहे हे पाहून दार लावते. दुसरी, एकाने सगळे दार अडवू नये म्हणून प्रत्येकाला वाटा नेमून देते. पहिली मोडली पाहिजे, आणि ती मोडल्यावर टिकवण्यासाठी दुसरी लागते. नाहीतर उघडलेल्या दारातून आधी धावू शकणारेच आत जातात. कुणाला किती वाटा हे ठरवणारा कारभारीही निर्दोष असेलच असे नाही. म्हणून त्याचा आकडा जाहीर असावा आणि नकाराचे कारण त्याला सांगावे लागावे.

दिवेआगरच्या ताम्रपटाचा पाठ शं. गो. तुळपुळे यांच्या ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या १९६३ च्या ग्रंथामुळे आपल्याला वर्गात सहज उपलब्ध असतो. शिलाहारांच्या काळातली, इ. स. १०६० मधली ती नोंद गावातल्या एका व्यवहाराची आहे. तीत काव्य नाही. मराठीतल्या आद्य ताम्रपटांत तो गणला जातो. लिहिणाऱ्यांना पोच हवी होती ती त्यांच्या काळातल्या माणसांची, आपली नव्हे. पण तांबे टिकाऊ असल्यामुळे निरोप थांबला आणि आज कितीही वाचकांनी एकदम वाचला तरी त्याचे काही अडत नाही. ग्रंथाशी जोडणी करताना दार अडत नाही, हे आपल्या विषयाचे मोठे सुख. दार अडते ते त्याच्या अलीकडे : ग्रंथालयातल्या एकाच प्रतीपाशी, तासाच्या पंचेचाळीस मिनिटांपाशी, एका शिक्षकाच्या लक्षापाशी. तिथे पाळी लावावी लागते, आणि मागच्या बाकावर गप्प बसलेल्याला अधूनमधून हाकही मारावी लागते.

अण्णांनी २०२१ च्या पावसाळ्यात पोफळीची नवी रोपे लावली. त्यांतली काही आता धरू लागली आहेत. ती शाळेची वही पुतण्याने मला दिली आणि गेली काही वर्षे मी ती एम. ए.च्या वर्गात मजकूर म्हणून वाचायला देतो. नावे आणि क्रमांक झाकून. बावीस ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या शेवटी, ज्याला निरोप गेला त्याचे उत्तर आले की पुतण्याने एक बरोबरची खूण केली आहे. वीस ओळींपुढे ती त्याच दिवशीची आहे. एका ओळीपुढे दुसऱ्या दिवशीची तारीख आहे. म्हणजे तो तेवढ्यासाठी पुन्हा तिथवर गेला होता. बाविसाव्या ओळीपुढे चार तारखा आहेत, एकीखाली एक, आणि मग खूण. विद्यार्थी दर वर्षी विचारतात की त्या ओळीत निरोप काय होता. निरोप एका शब्दाचा आहे : ‘आहे.’